मशीनची खांदशेकणी

अनंतरावांनी आर्णीतल्या एका कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावकाचे शिक्के मारले. निवृत्तीनंतर आपल्या हातून शिक्क्यापेक्षा जाड काहीतरी घडावं, असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांनी बँडसॉ घेतला. म्हणजे सॉ मिलमधल्या आरा मशीनचं घरगुती पिल्लू. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोघांवरून फिरणारं दातेरी पोलादी पातं. मशीन सुरू झाली की दात दिसेनासे होत आणि जाड सागवान निमूट वळणावळणानं कापलं जाई. अनंतराव तिच्यापुढे हात जोडून उभे राहत. (अतिशयोक्ती नव्हे. त्यांच्या पत्नीनं, रत्नप्रभाबाईंनी, दोनदा पाहिलं आहे.)

अशात यवतमाळहून सहा वर्षांच्या नातीचा, अर्पिताचा, फोन आला.

"आबा, तान्ह्या पोळ्याले मले लाकडाचा बैल पाह्यजे!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, म्हणून बाजारात लाकडी बैलांच्या रांगा लागल्या होत्या. पण अनंतराव म्हणाले, "विकतचा कायले? मी बनवतो!" आणि तिथंच सगळं बिघडलं.

पहिलं पातं सोमवारी तुटलं, दुसरं बुधवारी. दोन्ही वेळा असा आवाज झाला की अनंतराव जमिनीवर आडवे आणि शेजारचे बबनराव कुंपणावर उभे. आता घरात एकच पातं उरलं होतं, आणि नवीन पार्सल सण झाल्यावर येणार होतं. शेवटी सॉ मिलमधल्या देवसिंगला बोलावणं गेलं. तीस वर्षं पाती सांभाळणारा माणूस! त्यानं शेवटचं पातं चढवलं, चाक हातानं फिरवलं, बोटानं पात्याला टिचकी मारली आणि कान लावला. टुंग.

"बाबूजी, काम झाल्यावर पात्याचा ताण ढिला करता का?"

"नाई. रोज तसाच ठेवतो."

"मंग तुटन नाई तं काय होईन? बैलाच्या खांद्यावर रातभर जू ठेवते का कोनी? मशीनले बैलासारखं जपा. काम झालं का ढिली सोडा, चाकावरचा भुसा झाडा."

अनंतरावांच्या अंगावर काटा आला. एवढं ज्ञान त्यांना कचेरीत कधी कोणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बैलाची शिंगं, वशिंड आणि पाठ झाली. पोटाखाली मात्र अजून सपाट ठोकळाच होता, पाय कापायचे राहिले होते. तेवढ्यात कुंपणापलीकडे बबनराव आपल्या बैलजोडीची खांदशेकणी करताना, जू ओढून थकलेले खांदे चोळताना दिसले. पोळ्याची आदली संध्याकाळ ती. पळसाची पानं, हळद, तूप, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

मशीनले बैलासारखं जपा! अनंतराव उठले ते थेट स्वयंपाकघरात.

थोड्या वेळानं रत्नप्रभाबाई व्हरांड्यात मशीनपाशी आल्या. "अहो, कोनाशी बोलून राह्यले?"

"आवतन देऊन राह्यलो." अनंतरावांचे दोन्ही हात पिवळेजर्द होते.

"आणि बैलाचे पाय?"

"ते परवा सकाळी. पोळ्याले कामाले लावते का कोनी?"

पोळ्याचा दिवस मशीननं विश्रांतीत घालवला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, यवतमाळहून आलेली अर्पिता शेजारी उभी असताना, अनंतरावांनी ताण दिला आणि बटण दाबलं. तुपानं माखलेल्या चाकावरून पातं जे सटकलं, ते आतल्या आत झाकणावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. त्या आवाजानं बबनरावांच्या बैलांनी खुंटाच उपटला.

देवसिंग धावत आला. त्यानं झाकण उघडलं, चाकावरच्या रबरावरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"गाईचं का म्हशीचं?"

"गाईचं," अनंतराव म्हणाले. "तुमीच तं म्हनले, बैलासारखं जपा."

देवसिंग खालीच बसला. "बाबूजी, रबर हाये ते पातं घट्ट धरायले. तुमी त्याची घसरगुंडी करून देल्ली!" मिलमध्ये तुकडे झाळून जोडून मिळाले असते, पण मिल सणाची बंद.

"आबा, याले पायच नाईत," अर्पिता म्हणाली आणि ठोकळा उलटा करून पाहू लागली. चार वाजता मैदानावर स्पर्धेला सगळी पोरं बैल घेऊन येणार होती. अनंतरावांना फार वाईट वाटलं. एका बैलाचा शब्द दिला होता नातीला, आणि तोही पाळता आला नाही.

रत्नप्रभाबाई पुरणाचे हात पुसत आल्या. त्यांनी बैलाकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं.

"पाय कायले कापता? बसवा त्याले."

"कोनाले?"

"बैलाले!"

त्यांनी चुलीतला कोळसा आणला आणि त्या सपाट ठोकळ्यावर चार रेघा ओढल्या. पुढचा गुडघा दुमडला, मागची मांडी टेकली. वरून गेरू, ब्लाऊजपीसची झूल, खाली चाकांची फळी. आणि बैल बसला! असा ऐटीत, जणू जन्मापासून बसलेलाच. अनंतराव पाहतच राहिले. आठ दिवस ते मशीनला हात जोडत होते आणि चाळीस वर्षं ही बाई पाच पावलांवर स्वयंपाक करत होती.

मैदानावर सगळे बैल उभे, हा एकटाच बसलेला. दोन म्हाताऱ्या तर नंदी समजून पाया पडल्या. पहिला नंबर आला. माईकवाल्यानं अर्पिताला विचारलं, "बैल कोनं बनवला?"

"आजीनं!"

"आणि आबानं काय केलं?"

अर्पितानं प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "आबानं मशीनले तूप लावलं."

भोंगे चारही बाजूंना लावलेले होते. सगळ्या मैदानानं ऐकलं.

रात्री पुरणपोळी वाढली गेली. अनंतरावांनी ताटाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तूप?"

"जिले आवतन होतं, तिनं खाल्लं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.