हळू आवाजातलं भांडण

आमचे शेजारी किसनअण्णा भांडतात ते कुजबुजत. राग आला की माणसाचा आवाज चढतो, अण्णांचा उतरतो. "तुझ्या अकलेला लकवा मारलाय का?" हे ते देवापुढं गाऱ्हाणं घालावं तसं हळू विचारतात. कारण साधं आहे. उस्मानपुऱ्यात आमच्या दोन घरांत भिंत एकच, आणि मी वाळूजच्या कंपनीत कायमचा थर्ड शिफ्टवाला, म्हणजे रात्रपाळीचा. दिवसा झोपतो. "थर्ड शिफ्टवाल्याची झोप मोडणं म्हंजी पाप हाय," हा अण्णांचा धर्म. कुकरची शिट्टी नको म्हणून त्यांच्याकडं भातही पातेल्यात शिजतो. असा शेजारी आहे कुणाकडं? मी तर कंपनीत छाती पुढं काढून सांगतो.

मागल्या वर्षी गल्लीत सिनेमावाले आले. कामगाराच्या घरातली धुसफूस दाखवणारा, अगदी खराखुरा सिनेमा. प्रेस मशीनवर तीस वर्षं राबलेले अण्णांचे हात दिग्दर्शकाला आवडले आणि बापाचं काम त्यांनाच मिळालं, शूटिंगही त्यांच्याच घरात. पहिल्याच दिवशी अण्णांनी चूक काढली. "सेफ्टी शूज घरात? लई येडे हायेत राव. त्ये दाराबाहीर असत्यात." एवढा शिकलेला दिग्दर्शक, पण वहीत लिहून घेत होता. गल्लीला कोण अभिमान!

मग तो प्रसंग आला. बाप पोराला घराबाहेर काढतो.

"ओरडा," दिग्दर्शक म्हणाला.

अण्णा कुजबुजले, "नीघ माझ्या घरातून." पुन्हा घेतलं, पुन्हा कुजबुज.

"अहो, ओरडा की!"

"वरडू कसं? शेजारी झोपलाय."

सगळे हसले. खिडकीतून बघताना मीही हसलो, आणि मग मला ती दुपार आठवली. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या पोरानं, संतोषनं नोकरी सोडली, बापलेकाचं वाजलं आणि पोरगा भरल्या ताटावरून उठून गेला तो आजतागायत आलेला नाही. त्या दुपारी मी भिंतीपलीकडं घोरत होतो. एक शब्द जरी कानावर आला असता तरी धावत जाऊन दारात आडवा झालो असतो. पण त्या दिवशीही अण्णांनी माझी झोप सांभाळली.

मी त्यांच्या दारात गेलो. "अण्णा, मी जागा हाय. वरडा बिनघोर."

कॅमेरा सुरू झाला. पोराचं काम करणारा नट उंबऱ्यापर्यंत गेला आणि अण्णा असे ओरडले, की अख्खी गल्ली बाहेर आली.

"संतोष! जाऊ नको रं! माघारी ये!"

सिनेमातल्या पोराचं नाव राहुल होतं. तरी तो वळला.