बोगनवेल कोणाकडे आहे?

पाणीपुरवठा कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर बोगनवेल फुलते, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास यायला सहा वर्षं लागली. कार्यालयाचा एकूण वेग पाहता हे जरा घाईनेच झालं म्हणायचं.

वेल लावली होती आवकबाईंनी. त्या आवक-जावक विभागाच्या लिपिक. आलेल्या कागदावर शिक्का मारता मारता त्यांचं मूळ नाव मागे पडलं आणि आवकबाई हेच नाव चिकटलं. वहिनीने दिलेली वीतभर काडी त्यांनी सायकल स्टँडच्या कोपऱ्यात खोचली होती. तिथे दिवसभर रणरणतं ऊन असायचं आणि मातीपेक्षा विटांचे तुकडेच जास्त. आठ-दहा दिवसांनी बाटलीत उरलेलं पाणी बाई तिच्या बुडाशी ओतायच्या, बहर ओसरला की पाकिटं फोडायच्या कात्रीने फांद्या छाटायच्या, काटा बोचला की तिला दोन शब्द सुनावायच्या. बस. वेलीचा स्वभाव त्यांना पक्का ठाऊक होता. लाड केले की नुसती पानं. जरा तहानलेली ठेवली की अंगभर गुलाबी.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवे साहेब आले. पुढच्या दारात खात्यानेच पाइपसाठी खणलेला खड्डा होता, म्हणून त्यांची गाडी मागच्या बाजूला लागली. साहेब उतरले, भिंतीकडे पाहतच राहिले आणि म्हणाले, “वा! हे कोणाकडे आहे?”

हेडक्लार्क लगबगीने पुढे झाले. “कोणाकडेच नाही, साहेब.”

“कोणाकडेच नाही, मग फुललं कसं?”

हेडक्लार्कच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत, कोणाकडेच नसलेलं काम झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. कोणाकडे असलेलं झालेलंही क्वचितच पाहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत फाइल उघडली. वेल ही बाहेरून आत आलेली वस्तू असल्याने ती ‘आवक’, आणि तिची फुलं गळून वाऱ्याने बाहेर जात असल्याने ‘जावक’; सबब ती आवक-जावक विभागाकडे सोपवण्यात येत आहे, असा आदेश निघाला. आवकबाईंना मनातून हसूच आलं. आपलीच वेल आपल्याला रीतसर मिळाली, वाईट काय त्यात?

दुसऱ्या दिवशी रजिस्टर आलं. तारीख, वेळ, घातलेले पाणी, घालणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. प्रमाण ठरलं दररोज वीस लिटर, कारण भांडार विभागातली बादली वीस लिटरची होती.

“अहो, पण हिला रोज पाणी चालत नाही,” बाई हेडक्लार्कना म्हणाल्या. “तहानली तरच फुलते ती.”

“बाई, मला पटतंय हो. पण तहान रकान्यात कुठे लिहायची?”

बाईंनी प्रामाणिकपणे पहिले चार दिवस ‘शून्य’ लिहिलं. रजिस्टर लाल शाईने रंगून परत आलं: ‘शून्य म्हणजे काम झाले नाही. खुलासा करावा.’ पाचव्या दिवशी बाईंनी ‘वीस’ लिहिलं, सही ठोकली आणि वेलीला थेंबभरही पाणी घातलं नाही. तेव्हापासून सगळेच खूश झाले. वेलीला हवं ते मिळालं, रजिस्टरला हवं ते मिळालं. त्या वर्षी अशी फुलली, अशी फुलली, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

इथेच घात झाला.

साहेबांनी वरच्या कार्यालयाला अहवाल धाडला: ‘दररोज वीस लिटर पाण्याच्या काटेकोर नियोजनामुळे हे यश प्राप्त झाले आहे.’ वरून शाबासकी आली. सगळ्या कार्यालयांनी बोगनवेल लावून रोज वीस लिटर पाणी घालावं, असं परिपत्रकही निघालं. आणि मूळ कार्यालयाने इतरांपेक्षा एक पाऊल पुढे असायला हवं, म्हणून इथला कोटा चाळीस लिटर झाला. शिवाय महिन्याला खताचं एक पोतं. शिवाय एक माळी.

माळी वयस्क होता, जाणता होता. वेल पाहताच त्याने कपाळावर हात मारला. “बाई, हिला बुडवायचं ठरवलंय का यांनी?”

“मग नका ना घालू पाणी.”

“कसं नको घालू? पाणी पडताना रोज फोटो पाठवावा लागतो. झाड मेलं तर कोणी विचारणार नाही, फोटो चुकला तर माझी हजेरी जाते.”

आणि तो खरंच घालायला लागला. रोज दोन बादल्या, फोटोसकट. महिन्याभरात वेल हिरवीगार झाली. हातभर लांबीचे फुटवे साहेबांच्या खिडकीपर्यंत पोचले. पानं तळहाताएवढी, काटे सुईसारखे. फूल औषधालाही नाही. मग हळूहळू पानं पिवळी पडू लागली. आवकबाईंनी एक दिवस बोटाने माती उकरून वास घेतला. मुळं कुजत होती. सहा वर्षं उन्हात धट्टीकट्टी राहिलेली पोर चांगल्या घरी दिली आणि तिथे अति खाऊ घालून मारली, तसं त्यांना झालं.

तेवढ्यात वरच्या साहेबांचा दौरा ठरला. आदर्श वेल प्रत्यक्ष पाहायला ते आठ दिवसांनी येणार होते.

साहेबांनी तातडीची बैठक बोलावली. “पाणी दुप्पट केलं, खत दिलं, माणूस दिला. तरी फूल का नाही?”

आवकबाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. सेवापुस्तकात काळा ठिपका नव्हता. गप्प बसणं सोपं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ती पिवळी पानं होती.

“साहेब, मी पाणी घातलंच नव्हतं,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “वर्षभर नुसतं लिहिलं. आतासुद्धा महिनाभर पाणी तोडलं, तर वाचेल ती.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे झाड पाण्याशिवाय फुललं?”

“जवळजवळ.”

“पाणीपुरवठा खात्याच्या आवारात?”

दुपारी बाईंच्या टेबलावर मेमो आला. त्याची आवक नोंद त्यांनाच करावी लागली: ‘आपण कार्यालयीन वेल सलग अकरा महिने विनापरवानगी तहानलेली ठेवून ती फुलविली, असे दिसून येते. आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’ पाणी मात्र बंद झालं नाही. ते बंद करायचं तर परिपत्रक मागे घ्यावं लागलं असतं.

शेवटी तोडगा काढला हेडक्लार्कनी. नागरिकांच्या तक्रारी तीन प्रतींत येत. पांढरी फाइलला, पिवळी विभागाला आणि गुलाबी कशासाठी, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या गुलाबी प्रतींची कपाटं भरली होती. हेडक्लार्कनी त्यातली एक काढून तीन पाकळ्या कापल्या, दोऱ्याने बांधल्या आणि लांब धरून पाहिल्या.

“बघा, हुबेहूब! नाहीतरी लोक हिला कागदी फूलच म्हणतात.”

सगळं कार्यालय कामाला लागलं. इतक्या एकदिलाने तिथे कधी काम झालं नव्हतं. जेवणाची सुट्टी कोणी घेतली नाही. खिडकीवर रांग वाढू लागली, तेव्हा शिपायाने लोकांपुढेही गठ्ठा टाकला. “बसूनच आहात, तर चार फुलं वळा.” लोक कुरकुरले, पण ज्याने पन्नास वळली त्याचं काम त्याच दिवशी झालं, हे कळताच कुरकुर थांबली. आवकबाईंनीही वळली. बारीक काम त्यांच्या हाताला छान जमायचं. त्याचाच त्यांना राग आला.

दौरा झकास झाला. वरच्या साहेबांनी वेलीपुढे फोटो काढला, एक फूल तोडून खिशात घातलं आणि म्हणाले, “टवटवी बघा! याला म्हणतात नियोजन.” मेमो मागे घेण्यात आला, वेल फुललेली असल्याने खुलाशाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तसा तो टाकल्याची लाजही त्यांना वाटली. पंधरा दिवसांत वेल पुरती वाळली. ते बरंच झालं, असं हेडक्लार्क म्हणाले. वाळक्या फांदीवर दोरा सरकत नाही.

कागद मात्र उन्हात विटतो. म्हणून खिडकीवर पाटी लागली: ‘प्रत्येक अर्जासोबत दहा फुले जोडावीत.’ समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार फुलं मिळू लागली, पण स्वतः वळलेली असतील तर अर्ज लवकर हलतो, अशी वदंता होती.

एका सकाळी एक गृहस्थ खिडकीशी आले. त्यांच्या गल्लीत चार महिने पाणी नव्हतं. आवकबाईंनी अर्जावर शिक्का मारला आणि फुलं मोजायला घेतली. प्रत्येक फुलात तीन पाकळ्या, आणि मधोमध पांढऱ्या कागदाचं इवलंसं खरं फूल. बोगनवेलीचं खरं फूल ते आतलं पांढरं, हे आजवर कोणी ध्यानात घेतलं नव्हतं. बाईंना गलबलून आलं.

“फार सुरेख केलीत हो.”

गृहस्थांचा चेहरा उजळला. “सगळं घर बसलं होतं. धाकटीने पांढरी कापली, मी दोरा बांधला. तीन रविवार लागले.”

“आणि पाण्याचं काय झालं?” बाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

“कसलं पाणी?” गृहस्थ क्षणभर गोंधळले. “हां, ते! ते होईल हो. पण बाई, तेवढं बघा ना, आमची पुढच्या फांदीवर लागतील का? रस्त्यावरून दिसली पाहिजेत.”

हसताय काय? रांग पुढे सरकतेय, आणि तुमची अजून सातच फुलं झाली आहेत.