तात्यासाहेबांच्या स्मरणार्थ बाराशे जंतू

बोरसरच्या मंगळवारच्या तापाच्या जंतूंवर देणगीदाराचं नाव रंगवायचं काम बाळकू पेंटरला मिळालं, ते होळीनंतरच्या आठवड्यात.

काम तसं नवं नव्हतं, फक्त जागा लहान होती. बोरसरात दान दिलं की त्यावर नाव घालायचं, असा रिवाज. शाळेच्या बाकावर नाव, देवळातल्या ताटावर नाव, स्मशानातल्या शेडवरही नाव. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर तर असतंच. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून बोरसरात दानाचे पंखे कुणी चालू करत नसे. मे महिन्यात माणसं पंख्याखाली बसायची, घाम पुसायची आणि नाव वाचायची. त्यातली निम्मी नावं तपकिरीच्या कारखान्याचे मालक तात्यासाहेब मुळीक यांची होती. उरलेली निम्मी त्यांच्या वडिलांची. सगळी बाळकूच्या हातची.

तात्यासाहेब मंगळवारच्या तापानं गेले. हा ताप मंगळवारी दुपारी बाराला चढतो, बुधवारी पहाटे उतरतो आणि बावन्नाव्या मंगळवारी माणसाला घेऊन जातो. आधी नाही, नंतर नाही. वेळेच्या बाबतीत त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण बोरसर आणि आसपासची अठरा गावं सोडून तो कुठं जात नसल्यामुळे मोठ्या शहरातल्या औषधवाल्यांनी त्याच्याशी ओळख वाढवली नव्हती. त्याचा अभ्यास करणाऱ्या एकट्या डॉक्टर सानपबाई. दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, आणि त्यातूनही दुपारी, तो कलता ठेवला तरच दिसायचं.

तात्यासाहेबांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांच्या पत्नी अक्कासाहेबांनी एकशे एक पंखे द्यायचं ठरवलं. सानपबाई पायातल्या चपला न काढताच त्यांच्या ओसरीवर चढल्या.

"अक्कासाहेब, पंखे पुष्कळ झाले," त्या म्हणाल्या. "द्यायचंच तर जिथं दुसरं कुणी देत नाही तिथं द्या. एकाच जागी द्या. आणि दहा वर्षं हात काढून घेऊ नका. मी या तापाचं मूळ शोधते."

अक्कासाहेबांनी पानाला चुना लावत विचार केला. "देते. तपकिरीचं गोदाम रिकामं आहे, तेही घ्या. पण नाव कुठं घालायचं?"

"गोदामावर घाला."

"गोदाम आजारी आहे का? दान कशाला देतोय आपण?"

"जंतूंच्या अभ्यासाला."

"मग नाव जंतूंवर."

"जंतू फार लहान असतो, अक्कासाहेब."

"बाळकूला विचारा. माझ्या नातीच्या लग्नात त्यानं तांदळाच्या एका दाण्यावर सगळा वरपक्ष घातला होता. आडनावांसकट."

बाळकूनं लगेच हो म्हटलं. त्याची बायको सरजा तेव्हा बेचाळिसाव्या मंगळवारात होती.

गोदामात काम सुरू झालं. तपकिरीचा वास भिंतीत मुरलेला, त्यामुळे सगळे आधी शिंकून घेत आणि मग कामाला बसत. खारीच्या शेपटीचा एक केस, तो ब्लेडनं उभा चिरून बाळकूनं कुंचला केला. मंगळवारच्या तापाचे जंतू खानदानी, गर्दी करत नाहीत. एका माणसात मोजून बाराशे. सरजाच्या बोटातून रोज वीस काढायचे, प्रत्येकाच्या पाठीवर 'कै. तात्यासाहेब मुळीक यांच्या स्मरणार्थ' असं घालायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि संध्याकाळी परत तिच्या अंगात सोडायचं. परक्याची वस्तू ठेवून घेऊ नये, असं सानपबाईंचं मत होतं.

"काय हो," सरजा पहिल्या दिवशी म्हणाली, "छत्तीस वर्षं तुमचं नाव लावलं, आणि आता आतून मुळीकांची झाले म्हणायची."

"गप पडून राहा. अक्षर हलतं."

"हलू दे की. मोठ्या घरचं अक्षर आहे, जरा डुलणारच."

नाव घातल्याचा उपयोग मात्र झाला. आजवर सगळे जंतू सारखे दिसायचे. आता कोण कुठला ते सानपबाईंना ओळखू येऊ लागलं. मंगळवारी त्यातले पाच-सहा काचेखाली ठेवून त्या बघत बसत. चव्वेचाळिसाव्या मंगळवारी त्यांना ताप कशानं येतो ते कळलं. बरोब्बर बाराला एका जंतूचे दोन होतात. ते दोघे रात्रभर भांडतात. पहाटे दोघांतला एक मरतो, म्हणून बाराशेचे बाराशेच राहतात. ताप येतो तो त्या भांडणाचा.

जे बारा वर्षांत कळलं नव्हतं ते तीन आठवड्यांत कळलं, म्हणून सानपबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. बाळकूनं चहा घेतला, पण त्याचं लक्ष चहात नव्हतं. "भांडतात हे कळलं," तो म्हणाला. "सोडवायचं कुणी?"

"ते अजून माहीत नाही."

"हिचे आठ मंगळवार राहिलेत, बाई."

"मला मोजता येतं, बाळकूकाका."

पंचेचाळिसाव्या आठवड्यात बाळकूनं सवयीनं एका जंतूवरच्या नावाला चौकट काढली. चौकटीशिवाय नाव म्हणजे बिनकाठाचं लुगडं, असं तो मानायचा. आजवर जागा पुरत नव्हती म्हणून हात आवरला होता; आता अक्षर आणखी बारीक झालं होतं. मंगळवारी बाराला बाकीचे दुभंगले. चौकटीतला बसून राहिला. पुढच्या आठवड्यात दहा जणांना चौकट घातली, दहाही बसून राहिले. त्यातल्या एकाला तर घाईत नुसतीच चौकट घातली गेली होती, नाव घालायचं राहून गेलं होतं. तोही बसला. सगळ्यांत निवांत तोच होता.

"असं का होतं?" सानपबाईंनी विचारलं.

"काठ ओलांडून कुणी जातं का?" बाळकू म्हणाला.

बाईंनी वहीत तसंच लिहून घेतलं.

मग बाळकूनं हिशेब मांडला आणि त्याचं तोंड उतरलं. नाव आणि चौकट मिळून दिवसाला वीस जंतू होतात. नुसती चौकट घातली तर साठ. अठ्ठेचाळिसावा मंगळवार तोंडावर आला होता. त्यानंतर बावन्नाव्यापर्यंत कामाचे दिवस चोवीस. नावासकट गेलं तर सरजाचे निम्मेसुद्धा होत नव्हते. एकही मोकळा राहिला तर काय, हे विचारायचं त्यानं टाळलं; पण बाईंनी न विचारताच 'चालणार नाही' अशी मान हलवली. आणि जन्मभर त्यानं पैसे घेतले होते ते अक्षराचे. चौकट गिऱ्हाइकाला नेहमी फुकट.

मंगळवारी सकाळी तो अक्कासाहेबांकडे गेला.

"नाव गाळायचं म्हणतोय," तो दारातच म्हणाला.

"कुठलं?"

"तात्यासाहेबांचं."

अक्कासाहेबांनी पायात वहाणा घातल्या आणि त्याच्यासोबत गोदामात आल्या. आधी शिंकल्या. तात्यासाहेबांची आठवण आली की काय, पदर डोळ्यांना लावला आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. पलीकडच्या खोलीत सरजा खाटेवर होती. हाडं वर आली होती, पण जीभ जागेवर होती.

"कोण आलंय?"

"अक्कासाहेब."

"बघा म्हणावं, तुमचे सगळे सुखरूप आहेत."

बारा वाजले. काचेखाली एक जंतू मधोमध दुभंगला. एका अर्ध्यावर राहिलं 'कै. तात्यासाहेब मुळीक', दुसऱ्या अर्ध्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भांडायला सुरुवात केली. खोलीत सरजाचे दात वाजू लागले. बाळकू आत गेला आणि तिच्यावर गोधडी टाकून पाय धरून बसला.

अक्कासाहेब बराच वेळ बघत होत्या. "हा 'यांच्या स्मरणार्थ' फार मारतोय यांना," त्या म्हणाल्या.

"हो," सानपबाई म्हणाल्या.

"आणि तो कोपऱ्यातला? त्याच्यावर काहीच नाही."

"चौकट आहे. नाव राहिलं."

"बसलाय बरा."

"बसलाय."

आतून सरजाचं कण्हणं येत होतं. अक्कासाहेबांनी चष्मा पुसला. "मीसुद्धा असेच पाय धरून बसायचे," त्या म्हणाल्या. "बावन्न वेळा. तेव्हा कुणी सांगितलं असतं, की बाई, सगळ्या गावातली नावं पुसून टाक, हा माणूस उठून बसेल, तर मी हातात फडकं घेऊन निघाले असते." मग त्यांनी विचारलं, "बिननावाचं दान दिलं तर ते दानात धरतात का?"

"नियमात तसं कुठं लिहिलेलं नाही. धरत नाहीत, असंही नाही."

त्याच दुपारी, या देणगीसाठी काढलेल्या ट्रस्टची सभा झाली. ठराव क्रमांक नऊ: जंतूंवरील नाव वगळण्यात यावे, चौकट कायम ठेवावी. चौकटीचा रंग तपकिरी असावा, अशी दुरुस्ती अक्कासाहेबांनी सुचवली. ती मंजूर झाली. बाळकूला चौकटीमागे मोबदला द्यावा, असंही ठरलं. तो म्हणाला, चौकटीचे मी कधी घेतले नाहीत. सभेनं त्याची नोंद घेतली आणि पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय अठरा गावांचा होता. तिथं तीनशे माणसं मंगळवार मोजत होती आणि पेंटर एकच. ते बाळकूनंच सोडवलं. नाव घालायला अक्षर यावं लागतं, चौकटीला हात पुरतो. गावोगावच्या गोधडी शिवणाऱ्या बायका बोलावल्या. त्यांना जन्मभर काठ घालायची सवय. दोन दिवसांत शिकल्या. साठ जणी गोदामात ओळीनं बसू लागल्या. कुणी नवऱ्याचे जंतू घेऊन यायची, कुणी सासूचे. सासूचे आणणारीची चौकट अंमळ जाड असायची.

सरजाची शेवटची चौकट एक्कावन्नाव्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी बाळकू सकाळपासून तिच्या पायाशी बसला. बारा वाजले. सव्वाबारा झाले. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

"काय चाचपताय?" सरजा म्हणाली. "रंग ओला आहे का बघताय?"

बाळकूनं हात तसाच ठेवला.

त्रेपन्नाव्या मंगळवारी ती स्वतः चालत गोदामात गेली. आता तीही चौकटी काढणार होती. ऊन मरणाचं होतं. साठ बायका घामानं निथळत होत्या आणि वर तात्यासाहेबांच्या नावाचे आठ पंखे स्वच्छ, वाचण्याजोगे उभे होते. अक्कासाहेब दारापाशी खुर्चीवर बसल्या होत्या.

"कुणीतरी लावा की तो पंखा," सरजा म्हणाली.

सगळ्या जणींचे हात थांबले. बाळकूनं पात्यांकडे पाहिलं. त्यांवरची अक्षरं त्यानं तीनदा रंगवली होती. मग त्यानं अक्कासाहेबांकडे पाहिलं. अक्कासाहेब थोडा वेळ वर बघत राहिल्या, ओठ हलले, नाव एकदा वाचून झालं असावं. मग त्यांनी मान डोलावली.

बाळकूनं बटण दाबलं. पंखा फिरू लागला, आणि नाव दिसेनासं झालं.

सरजानं पदर सैल केला.

"जरा वाढवा," ती म्हणाली.

त्यानं पंखा आणखी वाढवला.