चार मुलांमागे एक

आपलं मूल दिवसभर परक्या हाती सोपवण्याआधी त्या हातांची नीट तपासणी करावी, याबद्दल कॅनडातल्या विनिपेग शहरात दुमत नाही. माझी मुलगी ब्रॉनविन आणि जावई कर्टिस यांच्यातही नव्हतं. त्या दोघांचं एकमत क्वचितच होत असल्यामुळे मी मध्ये बोललो नाही.

ब्रॉनविनची बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती. जवळच्या पाळणाघरात एक जागा रिकामी झाली होती आणि संचालिका बोयचुकबाई ती शुक्रवारपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवणार होत्या. जागा गेली की ब्रॉनविनची नोकरीही गेल्यातच जमा होती.

पहिल्या भेटीला आम्ही वेळ ठरवून गेलो. माझी नात रांगत रांगत तिथल्या टीना नावाच्या बाईंच्या मांडीवर चढली आणि त्यांचा स्वेटर मुठीत धरून झोपून गेली. मला वाटलं, झालं काम. पण मला बरंच काही वाटत असतं आणि त्यातलं बहुतेक चुकीचं निघतं.

"सांगून गेलं की सगळेच गोड वागतात," गाडीत बसता बसता कर्टिस म्हणाला. "न सांगता जायला हवं."

दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो. दारातच आणखी तीन जोडपी बर्फात घालायचे बूट हातात घेऊन मोज्यांवर उभी होती. तीही न सांगता आली होती. ज्याच्याकडे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला नाही त्याला मुलांच्या आसपास एकटं सोडायचं नाही, असा तिथला नियम. त्यामुळे प्रत्येक जोडप्यामागे एक बाई निघाली आणि खोलीत बारा मुलांना एकटी मुख्य बाई उरली.

"कर्टिस, मोज!" ब्रॉनविन कुजबुजली. "चार मुलांमागे एक माणूस हवं. इथे बारांमागे एक!"

"बाकीच्या बाया गेल्या कुठे?" कर्टिसने आवाज चढवला.

"एक तुमच्या मागे उभी आहे, दादा," टीनाबाई म्हणाल्या.

"माझ्या मागे कशाला? मुलांकडे जा ना!"

"गेले असते हो. पण तुम्हाला एकटं सोडता येत नाही."

हा दोष गंभीर होता. म्हणून सगळ्या जोडप्यांनी दिवसातून दोनदा यायचं ठरवलं. प्रत्येक भेटीत दोष वाढलेलाच दिसे, त्यामुळे आपला संशय खरा होता याची सर्वांना खात्री पटली.

शेवटी बोयचुकबाईंनी तोडगा काढला. पालकांनीच पोलिसांचा दाखला आणावा. मग त्यांच्यामागे कोणी फिरायला नको. शिवाय दाखला असलेलं कोणीही मोठं माणूस खोलीत बसलं, की ते नियमाप्रमाणे मोजणीत धरता येतं. दाखले इतक्या लवकर कसे मिळाले हे मी विचारलं नाही. मुलांना घरी कोणाजवळ ठेवायचं हा प्रश्न होता, म्हणून प्रत्येकाने आपापलं मूल सोबत आणलं आणि मांडीवर घेतलं. टीनाबाईंना काही काम उरलं नाही, म्हणून त्यांना पालकांच्या कॉफीवर नेमलं.

कर्टिसने खोलीवर नजर फिरवली. "आमच्या एका मुलीमागे दोन माणसं! अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात शोधून सापडायचं नाही असं पाळणाघर."

"अडीच," ब्रॉनविन म्हणाली. "बाबाही आहेत ना."

मला अर्धा धरल्याचं वाईट वाटलं नाही. मला जास्त धरलं असतं तर दचकलो असतो. नात मात्र आईच्या मांडीवरून स्वयंपाकघराच्या दाराकडे हात पसरून रडत होती.

"बाबा, काही म्हणालात?" ब्रॉनविनने विचारलं.

"नाही, नाही."

शुक्रवारी सह्या झाल्या. सोमवारी सकाळी ब्रॉनविन ऑफिसच्या कपड्यांत आली, मुलीला सतरंजीवर बसवलं आणि उठली.

"उठू नका हो," बोयचुकबाई हळुवारपणे म्हणाल्या. "प्रमाण बिघडेल."

"मग मी कामावर कधी जायचं?"

"जा की. तुम्हाला कोण अडवतंय? पण मग हे तुम्ही पसंत केलेलं पाळणाघर राहणार नाही, एवढंच."

ब्रॉनविन खाली बसली. तिने साहेबांना फोन लावला. "सर, पाळणाघर मिळालं. इतकं उत्तम आहे, की मला कामावर येता येणार नाही."

साहेबांनी आधी तिचं अभिनंदन केलं आणि मग तिची जागा दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी स्वतःच्या नातवासाठी पाळणाघराचा पत्ताही विचारून घेतला. पाहायला येणार आहेत. न सांगता.

तुम्ही हसत असाल आमच्या ब्रॉनविनला. हसा, माझी हरकत नाही. पण इतका वेळ तुम्ही आमच्याबरोबर फिरलात, माणसं मोजलीत, नियम समजून घेतलेत; माझ्या नातीचं नाव काय, ते मात्र तुमच्यापैकी कोणीही विचारलं नाही.