मिस्त्रींचा शेवटचा हात

मिस्त्रींच्या कॉफीतली साखर डॉक्टरांनी फक्त कमी करायला सांगितली होती. ती बंद केली बायकोने. तिच्या मते मिस्त्रींना 'कमी' हा शब्द कळत नव्हता आणि ते अगदी खरं होतं. तीन चमच्यांचे दोन करा म्हटलं की ते मोठा चमचा शोधून काढत.

"हे घ्या," म्हणत तिने सकाळी त्यांच्या पिशवीत एक बाटली ठेवली. "मेपल सिरप. झाडाचा रस आटवून करतात. कॉफीत एकच चमचा घालायचं. नैसर्गिक आहे."

"साखर काय विटांच्या भट्टीत होते? तीही उसाच्या रसाचीच."

"वाद घालू नका. माझ्या मैत्रिणीचा नवरा हेच घेतो. बघा कसा हलका झालाय."

तुझ्या मैत्रिणीशी संसार केला तर कोणीही हलका होईल, हे वाक्य मिस्त्रींनी जिभेवरून परत पाठवलं. आज त्यांना घरातून शुभेच्छा घेऊन निघायचं होतं. सिरपची मूळची बाटली कान असलेली, नखरेल होती आणि पिशवीत मावत नव्हती. म्हणून बायकोने मिस्त्रींच्याच कारखान्यातली एक रिकामी बाटली धुऊन तिच्यात सिरप भरलं होतं. ती नीटनेटकी बाई होती. पुढचं सगळं रामायण त्या नीटनेटकेपणातून घडलं.

मिस्त्रींचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तिथे ते जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करत. फळीवर सगळ्या बाटल्या एकसारख्या, तपकिरी काचेच्या, आणि एकीवरही लेबल नाही. "लेबलं नवशिक्यांना लागतात," असं ते अभिमानाने सांगत. कुठल्या बाटलीत काय आहे हे ते तिच्या जागेवरून ओळखत. वासावरून ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, कारण स्पिरिटच्या सहवासात त्यांच्या नाकाने केव्हाच निवृत्ती घेतली होती.

त्या दिवशी खोलीच्या मधोमध वाचनालयाचं सभेचं टेबल उभं होतं. जुनं, भरीव, हत्तीसारखं. मिस्त्रींनी ते घासून, खाचा भरून, पॉलिशच्या हातावर हात चढवून तयार केलं होतं. राहिला होता फक्त शेवटचा हात. तो ते स्वतः बनवलेल्या अक्रोडाच्या तेलाचा देत, आणि त्या तेलाचा रंग कसा येतो हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुपारी वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा होती. टेबल पसंत पडलं तर वाचनालयाच्या सगळ्या खुर्च्या, कपाटं आणि दारं मिस्त्रींकडे येणार होती. नाही पडलं तर ते सगळं मोडीत निघून तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या येणार होत्या. आणि त्या विकणारा माणूस मिस्त्रींचा सख्खा मेव्हणा होता.

"दाजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," मेव्हणा मागच्याच आठवड्यात जेवताना म्हणाला होता. "दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. पंख्याखाली बसायचं, गिऱ्हाइकाला खुर्ची दाखवायची. टी-शर्ट काढून ठेवलाय तुमच्या मापाचा. लाल."

दुसरं कुठलं काम हाती नव्हतं, त्यामुळे हे बोलणं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. लाल टी-शर्ट मिस्त्रींच्या स्वप्नात येऊ लागला होता.

कारखान्यात आल्यावर त्यांनी कॉफीसाठी स्टोव्ह पेटवला. तेलाची बाटली आदल्या दिवशी काढून तिथेच, स्टोव्हच्या शेजारी ठेवलेली होती. पिशवीतली सिरपची बाटली त्यांनी काढली आणि डोक्यात टेबल घोळत असल्यामुळे फळीवर जी जागा मोकळी दिसली तिथे ठेवून दिली. ती जागा तेलाची होती. मग आपल्याच नियमाला जागून त्यांनी स्टोव्हजवळची बाटली कॉफीची मानली आणि फळीवरची तेलाची.

कॉफीत चमचाभर द्रव पडला आणि वर तरंगत राहिला. मिस्त्रींनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण बायकोला शब्द दिला होता. नैसर्गिक वस्तू अशाच लागत असणार, उगीच का लोक हलके होतात, अशी स्वतःची समजूत काढत त्यांनी अर्धा कप रिचवला. मग मऊ फडकं घेतलं, फळीवरची बाटली उघडली आणि टेबलाला शेवटचा हात द्यायला सुरुवात केली.

फडकं जरा ओढल्यासारखं वाटत होतं, पण ते त्यांनी हवेवर ढकललं. चकाकी मात्र अशी काही आली की मिस्त्री दोन पावलं मागे सरून बघतच राहिले. आपला हात अजून गेलेला नाही या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. टेम्पोवाल्याने टेबल नेलं आणि ते सभेसाठी स्वच्छ सदरा घालू लागले, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, घेतली का कॉफी? कशी लागली?"

"ठीक आहे. जरा तेलकट लागते."

"तेलकट कशी लागेल? ते मधासारखं असतं. चिकट."

मिस्त्रींनी फळीवरच्या बाटलीच्या तोंडाला बोट लावलं आणि ते बोट चाटलं. गोड होतं. तेल पोटात गेलं होतं, सिरप टेबलावर, आणि टेबल सभेला.

"अहो, ऐकताय ना? माझा दादाही जाणार आहे म्हणे तिथे खुर्ची घेऊन. भांडू नका हं त्याच्याशी."

मिस्त्री एका हातात सदऱ्याची बटणं धरून धावत सुटले.

ते पोचले तेव्हा सभा सुरू झाली होती. कार्यकारिणीत माणसं तीनच होती, पण ती तिघं मिळून वर्षानुवर्षं एकही ठराव करू शकली नव्हती. अध्यक्ष टेबलावर मूठ आपटत. मूठ आपटली की सेक्रेटरीबाई 'निषेध!' म्हणून फाइल उचलून तरातरा निघून जात. आणि खजिनदार, जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचे असल्यामुळे, बाईंच्या मागोमाग जात. आज अध्यक्ष लाकडाच्या बाजूचे होते, म्हणून सेक्रेटरीबाई प्लॅस्टिकच्या.

"या मिस्त्री," अध्यक्ष प्रसन्नपणे म्हणाले. त्यांची दोन्ही कोपरं टेबलावर होती. "आरशासारखं झालंय हो टेबल."

"साहेब, त्याला हात लावू नका, अजून..."

"तुम्ही बसा. आधी यांचं ऐकू."

मेव्हणा पुढे झाला. त्याने एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून सरळ टेबलावर मधोमध ठेवली. तिचे गुण गाताना तो वरून हाताने दाबतही होता. "मजबुती बघा. आणि मजबूत असून वजन काहीच नाही. लहान मूलसुद्धा एका बोटाने उचलेल. हे बघा."

त्याने एक बोट घातलं आणि उचललं. खुर्ची हलली नाही. त्याने दुसरं बोट घातलं. मग पूर्ण हात, मग दोन्ही हात. टेबल हत्तीसारखं ढिम्म उभं होतं. मेव्हण्याने एक पाय भिंतीला लावून असा हिसका दिला की खुर्ची त्याच्याबरोबर आली, पण तिचा चौथा पाय मात्र टेबलावरच उभा राहिला.

"मजबूत आहे," खजिनदार पायाकडे बघत म्हणाले.

"हा काय पोरखेळ चाललाय?" अध्यक्ष कडाडले आणि सवयीने त्यांनी मूठ आपटली. ती तिथेच राहिली. त्यांनी ती ओढून बघितली, पण बाहीच्या कडेसकट ती टेबलाशी एकरूप झाली होती. इकडे मूठ आपटल्याचा आवाज होताच सेक्रेटरीबाई सवयीने उठल्या आणि त्यांनी फाइल उचलली. फाइलही आली नाही. फाइल सोडून सभात्याग करणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्या पुन्हा बसल्या.

मिस्त्री भिंतीला टेकून लाल टी-शर्टाचा विचार करत होते.

या सगळ्यात खजिनदारांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्यांच्यापुढे कॉफी होती, काळी आणि कडू. मिस्त्रींच्या बायकोसारखी बायको त्यांनाही होती. टेबलाला टेकलेलं बोट त्यांनी कसंबसं सोडवून, पुसायला काही नव्हतं म्हणून तोंडात घातलं होतं. त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. मग त्यांनी चमचा उचलला, आपल्या बाजूचा टेबलाचा काठ अलगद खरवडला आणि चमचा कॉफीत ढवळला. पहिल्या घोटाला त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं नातवंडं बघताना पसरतं.

"आता जायचं कोणालाच नाही, तर मत घेऊन टाकू," सेक्रेटरीबाई दातओठ खात म्हणाल्या. "माझं प्लॅस्टिक."

"माझं लाकूड," अध्यक्ष मुठीकडे बघत म्हणाले. "खजिनदार?"

शेवटी अध्यक्ष बोलले म्हणून नव्हे, तर आयुष्यात पहिल्यांदा खजिनदारांना स्वतःचं मत झालं होतं.

"लाकूड," ते म्हणाले. "सगळं लाकूडच. लाकडात गोडवा असतो."

ठराव पास झाला. वाचनालयाच्या खुर्च्या, कपाटं, दारं, सगळं मिस्त्रींचं झालं. मेव्हण्याने तीन पायांची खुर्ची काखोटीला मारली आणि हळूच विचारलं, "दाजी, हिला पाय बसवून मिळेल का?"

"लाकडाचा बसवतो," मिस्त्री म्हणाले. "तोच टिकेल." इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पण माणूस सरळ होता. आनंदाने छाती फुगली तरी आत काहीतरी टोचत होतं. ते टेबलापाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. "साहेब, बाई, खरं सांगतो. हे पॉलिश नाही. माझ्या कॉफीत घालायचं मेपल सिरप आहे, चुकून लागलं. गरम पाण्याने आत्ता पुसतो आणि माझ्या तेलाचा हात देतो. त्यावर काम काढून घ्यायचं असेल तर घ्या."

अध्यक्षांनी मुठीकडे बघितलं, बाईंनी फाइलीकडे.

"काम तुमचंच," अखेर सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "बाकी सामानाला तुमचं तेल लावा. या टेबलाला मात्र हात लावायचा नाही. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आमचा ठराव झालाय."

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. बाईंचं एखादं म्हणणं त्यांना पटण्याचीही ती पहिलीच वेळ होती. "उलट दर सभेआधी येऊन एक नवा हात देऊन जा. पण आधी माझी मूठ सोडवा."

मिस्त्री गरम पाणी आणायला वळले, तेव्हा खजिनदारांनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं, रिकामा कप खाली ठेवला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "माझ्या बाजूला जरा जाड हात मारत जा."