यान नंबर सातचे दोन मालक

आमच्या शेजारच्या पटले सरांच्या फाटकावर पाटी आहे, 'यान नंबर सात'. नावाच्या वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'टीएम' लिहिलंय. हेच नाव, त्याच टीएमसकट, सरांच्या स्कूटरच्या मागे आहे, दुधाच्या बरणीवर आहे, आणि एका उन्हाळ्यात वाळत घातलेल्या चादरीच्या कोपऱ्यावर मी ते दोऱ्यानं भरलेलं पाहिलं. टाके सरांनी स्वतः घातले होते. ते दिसतच होतं.

गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात नवीन राहायला आलेला माणूस आधी विचारतो, ही एजन्सी कशाची. एक बाई रिकामं सिलिंडर घेऊन आली होती. सरांनी तिला पंधरा मिनिटं समजावलं, की यान म्हणजे अवकाशयान, आणि ते सध्या शनीच्या आसपास आहे. बाई सिलिंडरवर बसून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "तो सिलेंडर कब मिलेगा?"

"सर, हे सगळीकडे लिहायची काय गरज?" मी एकदा म्हटलं.

"वापर दाखवा लागते, वहिनी. जो वापरते, नाव त्याचं."

माझं कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे मला कायद्याची भीती नाही आणि कौतुकही नाही. पण सरांचे सगळे कागद माझ्याच दुकानात टाइप झाले, म्हणून हे प्रकरण मला पहिल्या पानापासून माहीत आहे.

यान नंबर सात हा एक खेळ आहे. सर तरुणपणी नागपूरला होस्टेलवर होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या शहारे नावाच्या मित्रानं तो तयार केला. याला पट नाही, सोंगट्या नाहीत. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक कप्तान होतो, एक डॉक्टर, एक इंजिनीअर, एक व्यापारी. एकजण सूत्रधार असतो. यान कुठं पोचलं, समोर काय दिसतंय, हे तो सांगतो. मग बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करेल ते बोलायचं आणि फासा टाकायचा. परदेशात असे खेळ असतात, एवढं त्यांनी एका मासिकात चार ओळींत वाचलं होतं. बाकीचं दोघांनी मनानं रचलं. पुढे गोंदियाच्या एका छापखान्यात त्याचं पुस्तक छापलं, सोबत एक लाकडी फासा, आणि शाळाशाळांतून फिरून काही शे प्रती खपवल्याही.

मग भांडण झालं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. शहारे नवेगाव बांध या गावी वनखात्यात कारकून होते. तिथल्या मंडईला सर त्यांच्याकडे गेले. बाहेर सगळं गाव दंडारीचं नाटक बघत होतं आणि हे दोघं दार लावून खेळत होते. सर सूत्रधार, शहारे कप्तान. कप्तानाच्या टाकीतला ऑक्सिजन संपत आला, फाशावर एक पडला, कप्तान मेला. शहारे म्हणाले, फासा चटईच्या गाठीवर टेकला, परत टाकतो. सर म्हणाले, पडला तो पडला. हा कप्तान शहारेंनी होस्टेलपासून जिवंत ठेवलेला होता. ते जेवायला उठले नाहीत. सर मिळेल त्या गाडीनं गोंदियाला परतले. त्यानंतर वीस वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

"खेळातलाच माणूस ना सर," मी म्हटलं होतं.

"वहिनी, मेला म्हणजे मेला. नाही तर खेळ कायचा?"

सर शाळेतून निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, मुलगी पुण्यात. तिनं एकदा फोनवर सांगितलं, की इकडे पोरं कॅफेत बसून असले जुने खेळ खेळतात, पैसे देऊन. दुसऱ्याच दिवशी सर जुनं पुस्तक घेऊन माझ्या दुकानात हजर. नवी आवृत्ती काढायची. मी सगळं पुन्हा टाइप केलं. शनीच्या चंद्रांची नावं मला अजून येतात. उपयोग काही नाही.

नागपूरचा एक ट्रेडमार्क एजंट त्यांना म्हणाला, आधी नाव नोंदवा, मग छापा, आणि नाव वापरात असल्याचे पुरावे जोडा. एवढं ऐकलं आणि सरांनी रंगाचा डबा आणला. फाटक झालं, स्कूटर झाली. गावाकडच्या शेतीतून धान आलं, तेव्हा भरडलेल्या तांदळाच्या चाळीस पोत्यांवरही त्यांनी 'यान नंबर सात' छापून घेतलं आणि फोटो काढून नागपूरला पाठवले. एजंटचा फोन माझ्या दुकानात आला.

"मॅडम, सरको बोलो, चावल तीसवें वर्गात येतो. गेम अठ्ठावीसमध्ये. यानं तर आपण तांदूळ विकतो असं सिद्ध होईल."

मी निरोप दिला. सर थोडे खट्टू झाले, मग म्हणाले, "म्हणजे दोन्ही वर्गांत आपलाच वापर आहे."

पुरावे जमवण्यात आठ महिने गेले. या आठ महिन्यांत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे अर्ज करणं.

सर दर सोमवारी माझ्या कॉम्प्युटरवर, नवे अर्ज छापून येतात ते ट्रेडमार्कचं सरकारी जर्नल वाचत. गिऱ्हाईक खोळंबलं तरी त्यांना पर्वा नसे. एका सोमवारी ते वाचता वाचता थांबले. मी पाहिलं. वर्ग अठ्ठावीस. यान नंबर सात. अर्जदार शहारे, नवेगाव बांध. नाव पहिल्यांदा वापरल्याची तारीखही दिलेली होती.

"ही तारीख खोटी आहे," सर म्हणाले. "त्या आठवड्यात तो जुलाबानं पडून होता. मी त्याले ताक नेऊन देत होतो."

मग सरांनी विरोध-अर्ज केला. चौदा पानं. तो कुडव्याहून नागपूरला एजंटकडे गेला, तिथून मुंबईच्या कार्यालयात आणि मुंबईहून नवेगाव बांधला. कुडव्याहून नवेगाव बांध बसनं दोन तास आहे. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, कायद्याचा रस्ता मुंबईहूनच जाते.

नियम साधा होता. पाकीट मिळाल्यापासून दोन महिन्यांत शहारेंनी उत्तर द्यायचं. दिलं नाही, तर त्यांचा अर्ज आपोआप बाद, आणि नाव सरांना मोकळं. सर रोज दुकानात येऊन उत्तर आलं का बघायचे. पहिला महिना ते येताना हसत येत. दुसऱ्या महिन्यात हसणं कमी झालं. मुदतीला आठ दिवस उरले आणि एजंटचा फोन आला, "सर, बधाई हो. सामनेवाला सोया है. आठ दिन और, बस."

मी पेढ्यांची वाट बघत होते. सर खुर्चीत बसून राहिले.

"तो उत्तर देऊन काऊन नाही राहिला?" ते म्हणाले. "त्याले तर एका ओळीचं उत्तर चार पानांत द्यायची सवय आहे."

"द्यायचं नसेल."

"शहारेले? तुम्ही ओळखत नाही त्याले."

रविवारी सकाळी सर आमच्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट. "वहिनी, तुमचा लॅपटॉप घ्या. नवेगावले जाऊन येऊ."

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून गेले. बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते आणि दर दहा मिनिटांनी सांगत होते, की आपण भांडायला चाललो आहोत.

शहारे ओसरीत खाटेवर बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढून चार दिवस झाले होते, दुसरा डोळा अजून व्हायचा होता.

"कोन आलं?" त्यांनी विचारलं.

"विरुद्ध पक्ष," सर म्हणाले.

शहारेंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "आवाज जाड झाला तुजा."

"तुले दिसत नाही म्हणून ऐकू जास्त येऊन राहिलं."

"बस."

शहारेंच्या बायकोनं पाणी आणलं आणि न विचारताच रेडिओखालून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं. "हे आलं तवापासून पडून आहे, बाई. यांना दिसत नाही, मले इंग्रजी येत नाही. हे म्हणतात, सरकारचं सर्टिफिकेट असंल."

सरांनी पाकीट फोडलं आणि स्वतःचाच विरोध-अर्ज शहारेंना मराठीत करून वाचून दाखवला, एकेक परिच्छेद. कडक वाक्य आलं की त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

"'अर्जदाराने सदर नाव अप्रामाणिकपणे बळकावले आहे.'"

"हे तू लिवलं?"

"ते वकिली भाषा आहे. एजंटनं घातलं."

ते वाक्य सरांनी माझ्या दुकानात उभं राहून तीनदा बदलून घेतलं होतं.

वाचून झाल्यावर सर म्हणाले, "आता उत्तर दे. वहिनी टाइप करतात."

"लिहा, सगळं खोटं आहे," शहारे म्हणाले.

"असं नाही चालत जी. कारण द्या लागते. सात नंबर कुठून आला ते सांग."

"खोलीचा नंबर होता."

"कोनाची खोली?"

"माजी. तू तर बिनपावतीचा राहत होता तिथं. वॉर्डन आला की खाटेखाली जायचा."

"मग तेच लिहा, वहिनी. विरोधकाच्या नावानं खोली नव्हती."

माझे हात थांबले. "सर, हे तुमच्या विरुद्ध जाईल."

"जाऊ द्या. खरं आहे ते."

असं दुपारपर्यंत चाललं. शहारे एक मुद्दा सांगायचे, सर तो घासूनपुसून धारदार करायचे. दोनदा तर शहारेच म्हणाले, एवढं नको लिहू, तुले भारी पडंल. मध्ये जेवण झालं. तलावातली मासोळी होती. जेवताना खेळाचा विषय कोणी काढला नाही. मी बसस्टँडजवळच्या दुकानातून कागद छापून आणले. छपाई फिकी होती, पण चालण्यासारखी.

सहीच्या आधी एक रकाना भरायचा राहिला होता, पत्रव्यवहाराचा पत्ता.

"इथं आलेलं पाकीट पुन्हा रेडिओखाली जाईल," शहारे म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून दोन महिन्यांनी."

"माजा पत्ता घाला," सर म्हणाले.

"दोन्ही पक्षांचा एकच पत्ता?" मी विचारलं.

"कायद्यात मनाई आहे काय?"

मला माहीत नव्हतं. मी पत्ता घातला. सरांनी शहारेंचा हात धरून पेन नेमक्या जागी टेकवला आणि शहारेंनी सही केली. सोमवारी सकाळी ते उत्तर मी स्पीड पोस्टानं मुंबईला रवाना केलं, मुदतीच्या आत. एजंट फोनवर सरांना काय बोलला ते मी लिहीत नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. प्रकरण चालूच आहे. अशी प्रकरणं सावकाश चालतात. मुंबईहून काही निघालं की पोस्टमन सरांच्या फाटकात दोन पाकिटं देतो, एक पटलेंचं, एक शहारेंचं. आत मजकूर तोच. सर आपलं पाकीट टेबलावर ठेवतात, शहारेंचं पिशवीत घालतात, सकाळची बस धरून नवेगावला जातात आणि त्यांना वाचून दाखवतात. परततात दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. तेवढे दिवस त्यांच्या तुळशीला पाणी मी घालते.

शहारेंचे दोन्ही डोळे केव्हाच बरे झाले. गेल्या थंडीत ते गोंदियाला आले होते, तेव्हा माझ्या दुकानाच्या फलकावरची एक चूक त्यांनी रस्त्याच्या पलीकडून दाखवली. मी त्यांना म्हटलं, आता पत्ता बदलून तुमचा घालू या, एका पानाचा अर्ज लागतो, माझ्याकडे तयार आहे.

"पाहू," शहारे म्हणाले.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "घाई काय आहे?"

तो अर्ज मी नंतर कधी उघडला नाही.