'इथं' म्हंजी कुठं?

सकाळी साडेदहाला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात नवा माणूस शिरला, की दारातच थबकतो. समोर छप्पन्न वर्षांचे एक गृहस्थ डोळ्यांवर गमछा करकचून बांधून कॉम्प्युटरपुढे ताठ बसलेले असतात. बोटं कीबोर्डवर, मान तिरकी, आणि तोंडानं चाललेलं असतं, "आता कुठं आणलंत मला, बाई? माघारी चला. चला की!" परवा एक पालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, ह्यांच्या घरी कळवलंय का?"

घरी कळवण्यासारखं काही नाही हो. हे आमचे मस्के भाऊसाहेब. आमच्याकडे ऑफिसातल्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे. कळंबच्या आमच्या कॉलेजची वेबसाईट त्यांच्याकडे आहे, आणि ज्याला दिसत नाही त्याला ती नीट वापरता येते की नाही, हे ते रोज स्वतः आंधळे होऊन तपासतात. 'बाई' म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आवाज बाईचा आहे, म्हणून भाऊसाहेब तिला अहोजाहो करतात. मी मराठी शिकवते आणि वेबसाईट समितीवर आहे, म्हणजे बोलावलं की सही करते.

हे खूळ शिरलं एका फोनमुळं. ढोकीकडची एक मुलगी आमच्याकडे बी.ए.ला आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. तिनं विचारलं, "सर, फॉर्मची नोटीस साईटवर हाय म्हणत्यात. माझा मोबाईल नुसता 'इमेज, इमेज' म्हणतोय. काय लिवलंय?" भाऊसाहेबांनी नोटीस वाचून दाखवली. ती म्हणाली, "थँक्यू सर. पर दर बारीला कुणाला तरी विचारावं लागतंय." फोन ठेवल्यावर भाऊसाहेबांनी चहा तसाच ठेवून पहिल्यांदा डोळ्यांवर गमछा बांधला.

आता मोबाईल 'इमेज' का म्हणत होता, तर आमची पद्धतच तशी. नोटीस टाईप करायची, छापायची, प्राचार्यांची सही घ्यायची, गोल शिक्का हाणायचा, मग त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून तो वेबसाईटवर चढवायचा. बिनशिक्क्याच्या कागदावर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही. भाऊसाहेब म्हणाले, फोटोच्या जागी नुसता मजकूर टाकू. प्राचार्य दचकले. "आणि शिक्का?"

"शिक्का कानाला ऐकू येत न्हाय, सर."

कधीकाळी मजकूर म्हणून टाकलेल्या काही जुन्या नोटिसा होत्या, पण त्यांची तऱ्हा आणखी न्यारी. स्टाफ मीटिंगमध्ये भाऊसाहेबांनी त्यातली एक बाईंना वाचायला लावली. बाई सुरू झाल्या, "ई, एफ, डॉलर, कंस सुरू, डॉलर, कंस बंद..." प्राचार्य खुर्चीतून उठले. "व्हायरस! बंद करा आधी!"

"व्हायरस न्हाय, सर. ही आपली 'महत्त्वाची सूचना' हाय."

जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसायला मराठी असतं, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं न् चिन्हं भरलेली असतात. डोळ्याला फसवता येतं, बाईंना नाही. भाऊसाहेबांनी अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून त्या नोटिसा नव्यानं टाईप केल्या. वर मलाच शुद्धलेखन तपासायला लावलं. माझी चकली त्यांच्यापायी करपली, हे मी अजून विसरलेली नाही.

मग ते 'इथे क्लिक करा'च्या मागं लागले. आमच्या पानावर ते वाक्य सहा वेळा होतं. "इथं म्हंजी कुठं?" भाऊसाहेब कडाडले. "इथं म्हणाया बोट दिसाया लागतं!" त्यांनी सहाच्या सहा बदलून 'परीक्षेचा फॉर्म भरा', 'निकाल बघा' असं सरळ लिहिलं. एवढ्यावर थांबतील तर मस्के कसले! आता ऑफिसात कुणी "फाईल तिकडं ठेवा" म्हणालं, की हे फाईल हातात धरून उभे. "तिकडं म्हंजी कुठं? डोळे मिटा अन् सांगा." शिपाईसुद्धा आता "कपाटाच्या वरून दुसऱ्या फळीवर, डाव्या अंगाला" असं बोलायला लागलाय. स्टाफच्या ग्रुपवर कुणी सकाळी फुलाचं चित्र टाकलं, की खाली भाऊसाहेबांचा मजकूर पडतो : 'पिवळं फूल. वर शुभ सकाळ. सकाळचा ळ चुकलाय.'

खरी गंमत फोटोंची. वेबसाईटवरच्या प्रत्येक फोटोमागं त्याचं वर्णन लिहायची सोय असते. आपल्याला ते दिसत नाही, बाई मात्र वाचून दाखवतात. भाऊसाहेबांनी दोनशेच्या वर फोटोंची वर्णनं लिहिली आणि मी न वाचता सही केली. कपाळ माझं! एक दिवस बाईंच्या तोंडून ऐकली तर काय : 'ग्रंथालय. पुस्तके कपाटात. कपाटाला कुलूप.' 'प्राचार्य खुर्चीत. कोट मापापेक्षा मोठा.' 'मराठी विभाग. दोन मॅडम. डावीकडच्या रागावलेल्या.' डावीकडची मीच.

"अहो भाऊसाहेब, 'प्रसन्न मुद्रेत' लिहायला तुमचं काय जात होतं?"

"तुमी व्हता का पण प्रसन्न?"

"नव्हते! म्हणून काय झालं?"

"जे हाय ते लिवायचं, मॅडम. ज्याला तपासून बघता येत न्हाय, त्याला फसवायचं न्हाय." एवढं बोलून त्यांनी गमछा बांधला. मी चिडून निघून गेले, पण खरं सांगते, वर्गात जाईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आणि मग कॉलेजची तपासणी करायला समिती आली. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर वेबसाईट उघडली, आणि नेमकं नेट रांगायला लागलं. फोटो उघडला नाही, की त्याच्या जागी त्याचं वर्णन येतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक? पडद्यावर ही भली मोठी अक्षरं आली : 'संस्थेचे अध्यक्ष झाड लावत आहेत. रोप दिसत नाही. माणसे एकोणीस, सगळी कॅमेऱ्याकडे बघत आहेत.' समितीतले एक वयस्क गृहस्थ असे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. पहिल्या रांगेत आमचे अध्यक्ष बसले होते. ते हसले नाहीत.

समिती गेल्याबरोबर भाऊसाहेबांना आणि मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. अध्यक्ष म्हणाले, "ही सगळी लिखापढी आजच्या आज पुसा. पहिल्यासारखे नोटिशीचे फोटो टाका. अन् मस्के, तुम्ही उद्यापासून स्टोअरला."

परीक्षेच्या फॉर्मला आठ दिवस राहिले होते. ढोकीच्या त्या मुलीनं भाऊसाहेबांना बजावून ठेवलं होतं, ह्या वर्षी माझा फॉर्म मीच भरणार, कुणी हात लावायचा न्हाय. पुसलं, तर ती पुन्हा 'इमेज, इमेज' ऐकत बसणार.

भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, मला स्टोअरला धाडा, झाडलोटीला धाडा. पर पुसू नका." आणि मग ह्या माणसानं, ज्याच्याबद्दल मला वीस वर्षांत घरचं काही ठाऊक नव्हतं, खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

त्यांची थोरली बहीण, आक्का. गोवरात तिचे डोळे गेले. आई-बाप ऊसतोडीला गेले, की घरात ही दोघंच, ती चौदाची, हे नऊचे. गावातल्या गुरुजींनी बदली होऊन जाण्याआधी लांबच्या एका अंधशाळेत तिचा अर्ज धाडला होता. उत्तर आलं. आक्कानं कागद ह्यांच्या हातात दिला, वाच म्हणाली. प्रवेश मिळाल्याचं लिहिलं होतं. "मला जेवू घालणारी तीच व्हती, साहेब. ती गेली तर म्या कुणाकडं बघायचं? म्या वाचलं, 'जागा शिल्लक न्हाय.' तिनं बरं म्हणून कागद ठेवून दिला. तिला तपासून बघता येत नव्हतं. म्हणून म्हणतो, वाचून दाखवणाऱ्यावर कुणाला सोडू नका. ज्याचं त्याला वाचू द्या."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "राहू द्या सगळं," ते म्हणाले. "माझा तो झाडाचा फोटो तेवढा काढा."

"वर्णन बदलू का, साहेब?"

"फोटोच काढा म्हणतोय ना!"

त्या मुलीनं पुढं आपला फॉर्म आपण भरला, आणि मी तिच्यासाठी ऑफिसात पेढे वाटले. पण त्या दिवशी केबिनबाहेर आल्यावर मी भाऊसाहेबांवर भडकलेच. "आक्कांना सांगितलंत का कधी?"

"लई बारी तोंड उघडलं, मॅडम. मग चहा घेती का म्हणून इचारतो."

"आज चहा मी बघते. चला."

घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं. आक्का ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. घरात माणसं दोनच. भाऊसाहेबांनी लग्न केलं नाही, ते का, हे मला विचारावं लागलं नाही. ते बहिणीसमोर उकिडवे बसले. चहाचं विचारतील म्हणून मी डोळे वटारले.

"आक्का, त्या शाळेच्या कागदात जागा न्हाय असं लिवलेलं नव्हतं. तुझा नंबर लागला व्हता. म्या खोटं वाचलं."

आक्कांचा हात थांबला नाही. "ठावं हाय मला."

"कसं?"

"पोष्टमननं दारातच वाचून दाखवला व्हता की. लई ग्वाड वाटलं, म्हणून तुझ्या तोंडून आणिक एकदा ऐकावं म्हणलं."

भाऊसाहेब म्हणाले, "मग गेली का न्हाईस?"

आक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, चाचपत त्यांचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "जागा न्हाय म्हणताना तुझा आवाज किती कापत व्हता, ग्यानू. तसं पोर टाकून कुठं जाणार व्हते मी?"